दसऱ्याचा हार माझ्या गळ्यात

मी बोलतोय तो छताला टांगलेला पंखा नव्हे. माझ्याखाली चटई टाकून कुणी झोपत नाही. गाडीच्या पुढच्या जाळीआड, रेडिएटरला चिकटून मी असतो. इंजिन तापलं की फिरायचं आणि आतलं पाणी निववायचं, एवढंच माझं काम. मी फिरतोय तोवर माझी कुणाला आठवणही होत नाही.

आमची गाडी अठरा वर्षांची. पहिले मालक बँकेतले साहेब, ते फक्त रविवारी बाहेर काढायचे. मग लिंबायत वस्तीतल्या हेमराजने ती घेतली. तो लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर, कामाला आहे. त्याचे वडील धुडकूआप्पा यांच्या दोन्ही किडन्या निकामी. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. रिक्षाचे धक्के त्यांना सोसेनात, म्हणून ही गाडी. एक खेप चुकली की आप्पांना धाप लागते, हे त्यांच्या बोलण्यातून मला कळलं, आणि तेव्हापासून माझा जीव टांगणीला आहे.

यंदा दसऱ्याला हेमराजच्या बायकोने, सरलाबाईने, झेंडूचा हार गुंफला. दोरा लूमवरचाच, पॉलिस्टरचा. ओढून ओढून हात कापेल, पण तुटणार नाही. हेमराजने तो जाळीतून आत ओवून घट्ट बांधला. चार दिवसांत फुलं गळाली, दोरा तसाच राहिला. पूजेच्या हाराला कात्री लावू नये, असं सरलाबाईचं म्हणणं.

शनिवारी भर दुपारी आप्पांना डायलिसिसला नेताना पर्वत पाटियाच्या वाहतूक कोंडीत आम्ही अडकलो. इंजिन तापलं, मी फिरायला लागलो, आणि दोऱ्याचं सुटलेलं टोक आत ओढलं जाऊन माझ्या गळ्याभोवती गुंडाळलं गेलं. मी जोर लावला तसा फास आवळत गेला. मग फ्यूज उडाला. तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला, बॉनेटमधून वाफ आली. हेमराजने गाडी कडेला घेतली.

"काय व्हयनं?" आप्पांनी अहिराणीत विचारलं. त्यांचा आवाज आधीच खोल गेला होता.

"गाडी तापी गयी. आप्पा, तुम्ही बठी ऱ्हा."

एक वाजता त्यांचा नंबर होता आणि पाऊण वाजून गेला होता. सरलाबाई रिक्षांना हात करत होती, एकही थांबेना. समोरच्या गॅरेजमधला किरण धावत आला. त्याने नवा फ्यूज घातला. तोही क्षणात उडाला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मला ओरडून सांगायचं होतं, पण पंख्याला तोंड कुठे असतं?

"मोटर बळी गई छे," तो गुजरातीत म्हणाला. "नवी नाखवी पडशे. काले मळशे."

मोटर जळाली, नवी टाकावी लागेल आणि ती मिळणार उद्या. म्हणजे मी भंगारात, ते एक वेळ चाललं असतं. पण आप्पांचं काय? मला खरंच भीती वाटली.

हेमराजने चावी काढून खिशात ठेवली, जाळीतून हात आत घातला आणि माझं पातं फिरवून पाहिलं. पातं हलेना. मग त्याची बोटं माझ्या गळ्याशी आली आणि तिथेच थांबली. वीस वर्षं दोरा हाताळलेली बोटं ती.

"दोरा लूमना शे," तो हळूच म्हणाला. "मीच बांधा व्हता."

त्याने बायकोकडे पाहिलं. सरलाबाईने पर्समधली छोटी कात्री काढून त्याच्या हातात ठेवली. "काप. देवले राग येत नही."

वेढे सुटले. तिसरा फ्यूज बसला आणि मी फिरलो. काटा हळूहळू उतरला, किरणने थोडं थांबून पाणी भरून दिलं. दवाखान्यात आम्ही वीस मिनिटं उशिरा पोचलो. आप्पांचं डायलिसिसचं मशीन अजून दुसऱ्याला दिलेलं नव्हतं.

त्या दिवसापासून माझं बेअरिंग किरकिरतं. किती दिवस काढीन, मलाही माहीत नाही. तुम्ही हार जरूर घाला, पण आरशाला घाला. माझा गळा मोकळा ठेवा.

आता कोंडी लागली की आप्पा म्हणतात, "हेमराज, रेडिओ बंद कर. पंखाना आवाज आयकू दे."

मग गाडीत सगळे गप्प बसतात, आणि मी जमेल तेवढ्या मोठ्याने फिरतो.