पुनाचे टायर

माझ्या जीपचे टायर गोटा झाले होते, हे मी कबूल करतो. पण आरटीओच्या पासिंगला कधी अडलं नाही. आमच्या सातपुड्यातल्या गावाहून शिरपूरला दोनच काळीपिवळ्या चालतात, एक माझी आणि एक पुनाची. पुनाचे टायर चांगले, माझे दिवे चांगले. दोघांची मिळून एक धड गाडी होते. माझी पासिंग असली की आदल्या दिवशी त्याचे टायर माझ्या जीपला चढवायचे आणि माझे त्याच्या. त्याची पासिंग असली की दिवे द्यायचे. चार वर्षं हेच चाललं होतं. मला शहाणपणा शिकवू नका, बरेच जण करतात.

त्या दिवशी शिरपूरच्या कॅम्पात माझा तिसरा नंबर होता. साहेब पुढच्या टेम्पोच्या चाकाशी वाकले होते. मी पुनाच्या टायरांवरून ओलं फडकं फिरवलं, दिवे लावून बघितले आणि चहा सांगितला. तेवढ्यात माझ्या पोरीचा, रूपाचा फोन आला.

"पप्पा, एसटी आलीच नाही. अकराला पेपर आहे ना, म्हणून पुनाकाकाच्या गाडीत बसलेय."

मी "उतर" म्हणेस्तोवर रेंज गेली. पुनाला लावला, तोही लागेना. गावाहून खाली येणाऱ्या उतारावर चार वळणं आहेत, आणि पुनाच्या गाडीला माझे टायर होते. मागच्या डाव्या टायरची तार बाहेर आली होती, ते मला माहीत होतं आणि पुनाला मी सांगितलं नव्हतं. आई शप्पथ, इतका घाबरलो की हातातला चहा कुठे ठेवला ते आजही आठवत नाही.

"ओ भाईदास, नंबर आला तुझा!" मागून कोणीतरी ओरडलं.

"गेला खड्ड्यात नंबर!" म्हणालो आणि जीप रांगेतून बाहेर काढली.

उताराच्या पायथ्याशी पोचलो तर पुनाची जीप शेवटच्या वळणावरून खाली येत होती, चौदा माणसं भरून. मी माझी रस्त्यात आडवी लावली. पुनाने ब्रेक मारला आणि शिव्या दिल्या. मी काही न ऐकता पुढचं दार उघडून रूपाचा दंड धरला आणि तिला खाली ओढली. मग बाकीच्यांनाही उतरायला लावलं.

द्रौपदाबाई भाजीची टोपली घेऊन उतरली. ती माझी रोजची सवारी, आज माझी गाडी नाही म्हणून पुनाकडे बसली होती. "काय व्हयनं रे भाऊ?"

"अक्का, ह्या टायरांवर बसू नका. कधी फुटतील नेम नाही."

तिने वाकून तार बघितली. "ह्या टायर कोना शेतस?"

"माझेच."

"मंग रोज आमले कसा काय बसाडस?"

मी तिची टोपली उचलून माझ्या जीपमध्ये ठेवली आणि म्हणालो, "चला, पोरीच्या पेपरला उशीर होतोय. ह्या गाडीचे टायर चांगले आहेत."

द्रौपदाबाई लगेच चढली नाही. तिने चारही टायरांवरून हात फिरवून बघितला, मग चढली. तिच्यामागून बाकीच्यांनीही तसंच केलं. सगळ्यात शेवटी रूपाने.