सबबच्या आधी

वाशिमच्या कचेरीसमोर सतरंजी टाकून मी तीस वर्षं लोकांचे दस्त लिहिले. त्यांतला एक आठवला की अजूनही घास गोड लागत नाही.

दस्ताचे दोन भाग असतात. 'सबब', म्हणजे 'म्हणून', या शब्दानंतर कामाचं येतं: शेत कोणाला दिलं, बायको कोणी सोडली. सबबच्या आधी नुसती कारणं. नव्या अर्जनवीसांना, म्हणजे अर्ज-दस्त लिहायला बसणाऱ्यांना, मी ऐटीत सांगायचो, "सबबच्या आधी काय वाट्टेल ते लिहा, कोर्ट तिकडे ढुंकून पाहत नाही. पण भारदस्त लिहा." माझी कारणं तयारच असत. बक्षीसपत्राला सेवाचाकरी, वाटणीपत्राला घरातला बेबनाव, सोडचिठ्ठीला बाईची चालचलणूक. पक्षकाराला विचारत बसायला वेळ कोणाला होता?

चौतीस साली एका बाजाराच्या दिवशी रिठदची सोजरबाई माझ्यासमोर येऊन बसली. तिशीची असेल. फडक्यातून तिनं पंचम जॉर्जचं चित्र असलेला स्टँपकागद काढला. अक्षर माझंच. चार वर्षांपूर्वी किन्हीराजा गावच्या जगदेवनं तिला दिलेली सोडचिठ्ठी.

"मुन्शीजी, हे मले वाचून दाखवा. पन हळू," ती म्हणाली. "त्या दिवशी तुमी भरभर वाचलं, मले काई समजलं नाई. दोन जागी माहा पाट ठरत आला व्हता. दोन्ही डाव पाव्हन्यायनं कागद मांगतला, कोनीतरी वाचला, अन् लोकं पानी न पेता उठले. आता तिसरे येऊन राह्यले. कागदात असं हाय तरी काय?"

सुटलेल्या बाईचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावायचा तर सोडचिठ्ठी दाखवावीच लागते. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. कागद कोण वाचणार आणि कशासाठी, याचा विचार मी केला नव्हता, एवढंच.

पहिल्या ओळीवर नजर गेली. 'सदर बाईची चालचलणूक नीट नसून तिचा परपुरुषाशी संबंध असल्याची खात्री झाल्यावरून.' बाईला वाचता येत नव्हतं. मी मोठ्यानं म्हटलं, "'उभयतांचे पटत नसल्यावरून.'"

सोजरबाईनं माझ्याकडे टक लावून पाहिलं. "एवढ्यानं कोनी उठत नाई, मुन्शीजी. तुमी दुसरंच वाचून राह्यले."

मग मी खरं वाचलं. ती रडली नाही, की मला बोल लावला नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"हे जगदेवनं सांगतलं व्हतं?"

"नाही."

"मंग कोनं?"

"सोडचिठ्ठीत तसं लिहायची रीत आहे, बाई."

"देवीच्या साथीत आमची दोन लेकरं एका हप्त्यात गेली," ती म्हणाली. "मंग आमाले एकमेकाचं तोंड पाहवे ना. म्हनून सुटलो. काहून नाई इचारलं तुमी? इथंच तं बसली व्हती मी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवा दस्त करून देतो, जगदेवला घेऊन ये, एवढंच कसंबसं बोललो.

शनिवारी ती त्याला घेऊन आली. मी जुना कागद वाचून दाखवला तसा जगदेव खाली मान घालून म्हणाला, "मी असं बोललोच नव्हतो." दोघांनी आपापल्या शब्दांत कारण सांगितलं, लेकरांची नावंसुद्धा सांगितली, आणि आयुष्यात प्रथमच मी सबबच्या आधीचा मजकूर ऐकून लिहिला. शेवटी जुन्या कागदाबद्दल एक ओळ टाकून ती वाचून दाखवली: 'पूर्वीच्या दस्तात अन्यथा मजकूर चुकून पडला.'

"चुकून कसा?" सोजरबाई म्हणाली. "कागद तं आपल्या मनानं लिहीत नाई."

तेव्हासुद्धा मी स्वतःला वाचवत होतो, याची सगळ्यात जास्त लाज वाटते. ती ओळ खोडली आणि लिहिलं, 'पूर्वीचे कारण दस्तलेखकाने कोणास न विचारता मनाने लिहिले, ते खोटे आहे.' खाली माझं नाव घातलं. जगदेवनं अंगठा दिला.

पुढच्या आठवड्यात एक धिप्पाड शेतकरी दोन्ही कागद घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. नाव इंद्रभान. सोजरबाईला बघायला आलेला तिसरा पाहुणा हाच.

"हा बी तुमच्या हातचा, अन् हा बी तुमच्याच हातचा," तो म्हणाला. "एकात तुमी म्हनता मी खोटं लिहितो. मंग मी कोनता खरा मानू?"

शेजारच्या सतरंज्यांवरचे अर्जनवीस लेखण्या थांबवून ऐकत होते. त्यांतल्या निम्म्यांना मीच शिकवलं होतं.

"पहिला खोटा," मी म्हणालो. मग शेजारच्यांनाही ऐकू जाईल असं पुन्हा मोठ्यानं म्हणालो. "बाईत काही खोट नव्हती. ती समोर बसली होती आणि मी तिला विचारलं नाही."

"पाट तं मी लावनारच हाय. फक्त तुमच्या तोंडून ऐकाचं व्हतं." इंद्रभाननं दोन्ही कागदांची घडी केली. "आमी कागद नंतर वाचला, मुन्शीजी. आंधी तिले इचारलं."