मायनस चाळीसची हवा

सर्जेरावांच्या मते गाडी आणि बैल यांत फारसा फरक नव्हता. दोघांनाही वेळेवर धुवावं, ओवाळावं आणि बाईमाणसाच्या हाती देऊ नये. पहिल्या दोन गोष्टी ते मनापासून करत. दर अमावास्येला फवारणीचा पंप लावून गाडीला अशी आंघोळ घालत, की बघणाऱ्याला बैलपोळाच वाटावा. तिसरी मात्र त्यांच्या हातून निसटली होती. सुनेनं, सुलक्षणानं, शिरूरला क्लास लावून लायसन काढलं होतं, आणि मुलगा स्वराज बायकोच्या बाजूचा होता.

सुलक्षणाला गाडी मिरवायची नव्हती. तिची आई शेवंताबाई दौंडला एकटी राहायची. न्हाणीत पाय घसरून पडली आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. निमोण्याहून दौंडला एसटीनं जायचं म्हणजे गाड्या बदला, फाट्यावर ताटकळा, आणि पोचावं तर परतायची वेळ झालेली. गाडी असली की आईला न्हाऊ घालून संध्याकाळच्या स्वयंपाकाला घरी. पहिल्या खेपेला तसंच झालं. येताना मात्र पारगावच्या पुलावर स्टेअरिंगमागच्या काट्यांमध्ये पिवळा दिवा लागला, आणि घर येईपर्यंत गाडी धापा टाकत काळा धूर ओकायला लागली.

सर्जेराव अंगणातच उभे होते.

“लागली वाट! म्हणलं व्हतं का न्हाई? हिनं इंजिन जाळलं.”

त्या दिवसापासून किल्ली त्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात गेली. इंजिनाचं काम निघालं तर गाडी विकून मोकळं व्हायचं, असा हुकूमही निघाला. गावातला भैरू तर गिऱ्हाईक घेऊन तयारच बसला होता. लोकांना दुसऱ्याची गाडी विकायची भारी हौस.

आईचा रोज फोन यायचा. “जेवणाचं काय न्हाई गं, शेजारीण देती. पर केसांत नुसता गुंता झालाय. डाव्या हातानं फणीच चालत न्हाई.” सुलक्षणा “येते” म्हणायची आणि खुंटीवरच्या बंडीकडे बघायची. सासरे तिथंच पानाला चुना लावत बसलेले असायचे. आपण खरंच काही बिघडवलं का, हा विचार तिला भाकरी थापतानाही सोडत नव्हता.

शेवटी एका सकाळी स्वराजनं गाडी कशीबशी शिरूरला सुरज मिस्त्रीच्या गॅरेजात आणून लावली आणि तो कंपनीच्या बसनं रांजणगावला कामावर गेला. मागे राहिले सासरा आणि सून. निकाल स्वतःच्या कानांनी ऐकायचा म्हणून सर्जेराव मुद्दाम आले होते.

सुरजनं स्टेअरिंगखाली स्कॅनर जोडला, आकडे बघितले आणि हसायलाच लागला.

“आबा, गाडी म्हणतीय, बाहेरची हवा मायनस चाळीस हाय.”

वैशाखाचं ऊन पत्र्यावर तापत होतं. सर्जेरावांनी उपरण्यानं मान पुसली. “मायनस म्हंजी?”

“बर्फाच्या बी लई खाली. हवा इंजिनात जाती तिथं एक सेन्सर असतो. हवा किती गरम हाय ते तो कॉम्प्युटरला सांगतो. कॉम्प्युटरला वाटतंय कडाक्याची थंडी पडलीय, म्हणून तो जादा पेट्रोल सोडतोय. धूर त्याचाच.”

“म्हणजे इंजिन नाही ना गेलं?” सुलक्षणानं विचारलं.

“थांबा वहिनी. खोटं कोण बोलतंय ते आधी बघू. सेन्सर, वायर का कॉम्प्युटर.”

त्यानं एअर फिल्टरच्या पाईपवरच्या सेन्सरचा छोटा प्लग उपसला आणि प्लगाच्या दोन्ही भोकांत एक वाकवलेली तार घातली. “आकडा बघा.”

सुलक्षणा स्कॅनरला डोळे लावून बसली होती. मायनस चाळीसवरून आकडा टुणकन उडाला तो थेट एकशे चाळीसच्या घरात.

“झकास! तार जोडली की लगेच बोलला. म्हंजी वायर चांगली, कॉम्प्युटर बी चांगला.” मग त्यानं सेन्सर बाहेर काढला, त्याला मीटर लावलं आणि सेन्सर मुठीत धरला. मुठीची ऊब लागली तसा मीटरवरचा आकडा उतरत गेला. “ऊब लागली की आकडा उतरायलाच पायजे. ह्यो बी जित्ता हाय.”

“सगळीच चांगली, तर मग मरतंय कुठं?” सर्जेराव वैतागले.

सुरजनं सेन्सरचं तोंड उन्हाकडे वळवलं. आतल्या बारीक पिनांवर हिरवट थर चढला होता. सुलक्षणा वाकून बघत होती. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की असंच होतं.

“हे तर कळकलंय,” ती म्हणाली.

“बराबर! मीटरची टोकं थर खरवडून आत गेली म्हणून आकडा आला, नुसता प्लग बसवला की ह्यो थर मधी येतो. पाणी घुसलंय. आन् एका दिवसाचं न्हाई, लई दिवसांचं. बॉनेट उघडून पाणी कोण मारतं?”

उत्तर सुलक्षणाच्या जिभेवर होतं. इतक्या दिवसांचे टोमणे एका शब्दात फेडता आले असते. पण सासऱ्याला परक्यासमोर उघडं पाडायला तिचं मन होईना. सर्जेराव रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीकडे बघत राहिले. एसटी गेली, धूळ बसली.

“मीच,” ते म्हणाले. “अमावास्येला. फवारणीच्या पंपानं.”

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. “आबा, नारळ फोडा, लिंबू बांधा, पर बॉनेट झाकलेलं ऱ्हाऊ द्या!”

त्यानं पिना घासून लख्ख केल्या, वाळवल्या, सेन्सर आणि प्लग परत बसवला. स्कॅनरवर आकडा आला, एकेचाळीस. दिवा विझला. गाडी सुरू झाली ती इतकी शहाण्यासारखी, की सर्जेरावांनी मागे जाऊन धूर शोधला आणि तो सापडला नाही. सुलक्षणाच्या डोळ्यांत पाणी आलं. लायसन मिळालं त्या दिवशीही तिला एवढं हलकं वाटलं नव्हतं.

सुरजनं किल्ली सर्जेरावांपुढे धरली. सवयीनं त्यांचा हात पुढे आला आणि तिथंच थांबला.

“तिच्याकडं दे. चालवणारी ती हाय.”

ते पहिल्यांदाच सुनेशेजारी बसले. प्रत्येक खड्ड्याला पायाखाली नसलेला ब्रेक दाबत होते. वाटेत त्यांच्या बायकोचा, पुतळाबाईंचा फोन आला.

“गेलं का इंजिन?”

“इंजिन ठणठणीत हाय. पाणी घुसलं व्हतं.”

“पाणी कुणी घातलं?”

“तुझा आवाज येत न्हाई,” म्हणून सर्जेरावांनी फोन बंद केला. सुलक्षणानं हसू ओठांत दाबलं.

निमोण्याचा फाटा आला. तिनं वळायचा दिवा लावला.

“ते कशापायी?”

“घरी वळायचंय ना, आबा?”

“सरळ घे, दौंडला.” सर्जेराव समोर बघतच बोलत होते. “तुझ्या आईच्या केसांत गुंता झालाय म्हणं. मला स्टेशनाम्होरं सोड, मी च्या पीत बसतो. तू सावकाश विंचर.”

सुलक्षणानं वळायचा दिवा बंद केला.