निवृत्तीचा प्रोमो

आईचं ठाम मत होतं, की कुस्तीतला कुठलाही माणूस खराखुरा निवृत्त होत नाही.

“अजगर तीनदा निवृत्त झाला,” ती सांगायची. “पहिल्यांदा बूट काढून रिंगच्या मधोमध ठेवले, मी ढसाढसा रडले. दुसऱ्यांदा म्हाताऱ्या आईला रिंगमध्ये आणून तिच्या गळ्यात पडला, तेव्हा माझे डोळे नुसते ओले झाले. तिसऱ्यांदा मी उठून भाजी ढवळायला गेले. आणि गेल्या मोसमात आलाच की नाही परत? पोट सुटलेलं, केस रंगवलेले.”

ही कुस्ती मातीतली नव्हे. टीव्हीवरची, दोरांच्या चौकोनातली, धुराची आणि रंगीत दिव्यांची. कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असतं, आणि हे ठाऊक असूनही बघणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. “सगळं खोटं आहे ते,” असं बाबा म्हणाले की आई शांतपणे विचारायची, “आणि तुमच्या मालिकेतली सून काय खरी मरते?” बाबा मग चहा घेऊन आतल्या खोलीत जायचे.

आई एका मोठ्या लाँड्रीत कामाला होती. ओल्या चादरीची दोन टोकं दोघींनी धरायची, तापलेल्या रोलरमध्ये सोडायची, आणि पलीकडे ती कोरडी, सपाट होऊन बाहेर पडली की तिची घडी घालायची. यंत्रांच्या धडधडाटात दिवसभर ओरडूनच बोलावं लागायचं. म्हणूनच की काय, प्रोमोमध्ये ओरडणारे पैलवान तिच्या डोक्यात जायचे. प्रोमो म्हणजे कुस्तीच्या आधी माईक हातात घेऊन समोरच्याला दिलेलं आव्हान. आईच्या लेखी कुस्तीपेक्षा तोच महत्त्वाचा. अंग काय, कुणीही आपटतं. माणूस कळतो तो माईकवर.

“मास्तरचा प्रोमो आठव,” ती वादळला म्हणायची. वादळ म्हणजे तिची लेक, दहावीतली; हे रिंगमधलं नाव आईनेच दिलेलं. “हातात छडी, कोटावर खडूची पूड. सगळा हॉल शिव्या घालतोय. हा गप्प उभा. लोक दमले, घसे बसले, तेव्हा म्हणाला, ‘झालं? आता बसा.’ आणि अख्खा हॉल बसला गं. मी इथे खुर्चीच्या काठावर होते, मीपण नीट बसले.”

वादळला तो प्रोमो आठवणं शक्य नव्हतं, तेव्हा ती जन्मलीच नव्हती. पण ऐकून ऐकून तो तिला स्वतः पाहिल्यासारखा झाला होता.

मामाचं मत वेगळं. मामाचं मत कायमच वेगळं. त्याच्या मते आजवरचा सगळ्यात भारी शो म्हणजे दिवे गेले होते तो. अंतिम लढत ऐन रंगात असताना वीज गेली, लोकांनी खिशातल्या बॅटऱ्या पेटवल्या, आणि त्या उजेडात दोघं लढत राहिले.

“काही दिसत नव्हतं,” आई म्हणायची. “अंधार छान होता म्हण.”

“ताई, तुला ना, मन नाही. तुझ्या छातीत गरम रोलर आहे.”

हे सगळं फोनवर बोलून पाठवलेल्या संदेशांतून चालायचं. मामा दुसऱ्या शहरात राहायचा, गोठवलेल्या मालाचा ट्रक चालवायचा. संदेश पाठवताना तो मामा नसायचाच, तो ‘बर्फाचा डोंगर’ असायचा, आणि आई ‘इस्त्री-सम्राज्ञी’. हे लहानपणापासूनचं होतं. आजोबा बाहेर गेले की घरात पलंगाची रिंग व्हायची आणि आमटीच्या डावाचा माईक. तेव्हाचा नियम अजून लागू होता: प्रोमोला उत्तर प्रोमोनेच द्यायचं. आजोबा गेले त्या दिवशी मामा दारात उभा राहून घोगऱ्या आवाजात म्हणाला होता, “सम्राज्ञी, आज आपला पंच गेला.” आई त्याच्या गळ्यात पडली, हसता हसता रडली, रडता रडता हसली. बाकीचे नातेवाईक बघतच राहिले. त्या दोघांना साधं बोलताच येत नव्हतं. वादळला वाटायचं, असा भाऊ मिळाला तर साधं बोलायचंय कुणाला.

तर एका रविवारी दुपारी मामाचा संदेश आला. आईने भाजी निवडता निवडता फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

“सम्राज्ञी. डोंगर बोलतोय.” मग बराच वेळ काहीच नाही. “या डोंगराला आजवर कुणी हलवलं नाही. पण आता एक नवीन पैलवान आलाय. तो दिसत नाही. पोटात शिरून लढतो.” पुन्हा थांबला. “पुढच्या मोसमात डोंगर रिंगमध्ये दिसणार नाही. विजेतेपदाचा पट्टा तुझा. सांभाळ.” मग एक मोठा श्वास, आणि संदेश संपला.

“अदृश्य पैलवान,” आई खूश झाली. “कल्पना चांगली आहे. सुरुवात उत्तम. पण मधे मधे किती थांबतो, बघितलंस? थांबायला मास्तर असावं लागतं. आणि निवृत्ती? याचीसुद्धा? काहीतरी नवीन काढायचं ना.”

“त्याचा वजनगट बदलला असेल,” वादळ म्हणाली. “मामी म्हणत होती, बारीक झालाय.”

“मग तेच धरू.”

आईने हात पुसले, फोन तोंडाशी घेतला आणि हळू, थंड आवाजात सुरू झाली. “डोंगरा, तू निवृत्त होत नाहीयेस, तू पळतोयस. पोटात कोण शिरलंय ते मला ठाऊक आहे. त्याचं नाव भीती. लहानपणी पलंगाखाली लपायचास, आताही लपतोयस. जा, लप. पट्टा मी दाराला पायपुसणं म्हणून टाकते.”

वादळने टाळ्या वाजवल्या. पायपुसण्याची कल्पना तिचीच होती, तिने कागदावर लिहून आईच्या पुढे धरली होती. मामाचं उत्तर आलं नाही. “शब्द सुचत नाहीयेत त्याला,” आई म्हणाली आणि दोन-तीन दिवस त्याच मस्तीत लाँड्रीला जात राहिली.

त्या आठवड्यात एकदा वादळ शाळेतून आली, दप्तर टाकलं, तेवढ्यात मामीचा फोन आला. मामी फारशी फोन करायची नाही.

“आई आहे घरी?”

“कामावर आहे. का गं मामी?”

“काही नाही.” पण मामीने फोन ठेवला नाही. “तिने ते काय पाठवलंय, ते हा सारखा लावून ऐकतो. हसतो. हसला की दुखतं, मग कुशीवर वळतो, आणि परत लावतो. मी म्हटलं, तुझी बहीण असं कसं बोलू शकते? तर मलाच म्हणतो, तुला कळायचं नाही ते.” तिचा आवाज चिरला. “बाळा, तुझ्या आईला खरंच काही वाटत नाही का? डॉक्टरांनी हात टेकलेत. आता घरी न्या किंवा इथे ठेवा, म्हणाले.”

वादळ भिंतीला टेकून उभी राहिली. “काय?”

“म्हणजे त्याने सांगितलं नाही तुम्हाला?” मामी म्हणाली. “मला म्हणाला, ताईला सांगितलं.”

आई घरी आली तेव्हा तिच्या अंगाला नेहमीसारखा साबणाचा आणि वाफेचा वास होता. वादळने सगळं एका दमात सांगून टाकलं. मधे थांबली असती तर पुढे सांगताच आलं नसतं.

आईने चप्पल काढली, खुर्चीवर बसली आणि हसली.

“पक्का आहे हा. आता बायकोलासुद्धा घेतलं कथेत. आठवतंय, त्या राजबिंडा पैलवानाने स्वतःच्या बायकोला रिंगपाशी आणून रडवलं होतं? तेच. माझं उत्तर लागलंय त्याला, म्हणून आता असं.”

“आई, मामी रडत होती.”

“चांगली रडली असेल. मी काय म्हणते, आपण आता…” आई थांबली. ओढणीच्या टोकाने तिने मान पुसली, परत एकदा पुसली. “मामी कुस्ती बघत नाही,” ती म्हणाली.

वादळने तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

“तिला आवडतच नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी तिला कुस्तीतलं नाव दिलं होतं, तर तिने ते घेतलंच नाही. म्हणाली, हे तुमचं तुम्ही करा.” आईचा आवाज खाली खाली जात होता. “ती कशाला नाटक करेल?”

मग तिने फोन काढला आणि मामाचा रविवारचा संदेश पुन्हा लावला. कपाळाला आठ्या घालून, डोळे मिटून ऐकत राहिली, जशी ती जुने प्रोमो ऐकायची. डोंगर बोलतोय. मग ती लांबलचक शांतता. आता ती दोघींनाही नीट ऐकू आली. त्या शांततेत श्वास होता, दातांवर दात दाबून घेतलेला. मागे कुठेतरी कुणीतरी चाकांची गाडी ढकलत नेत होतं. तो नेहमीसारखा ट्रकमधून बोलत नव्हताच.

“या थांबण्याचे मी गुण कापले,” आई म्हणाली.

बाबा आतून बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं असावं. काहीही न विचारता ते सकाळच्या बसची चौकशी करायला गेले.

बसमध्ये आई खिडकीशी बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. वादळला वाटलं प्रार्थना करतेय, पण ती प्रोमो जुळवत होती. “ऐक,” ती म्हणाली. “डोंगरा, सम्राज्ञीने आपले शब्द मागे घेतले. पट्टा परत आणलाय. ऊठ आणि लढ.”

“छान आहे,” वादळ म्हणाली.

“छान नाही. ‘ऊठ आणि लढ’ काय? त्याला उठता येत नाही.” आईने तोंड खिडकीकडे वळवलं. “आयुष्यभर लोकांचे प्रोमो तपासले. हा चांगला, तो पोकळ. सख्खा भाऊ मरतोय म्हणून सांगत होता, तर मी म्हटलं कल्पना चांगली आहे.”

वादळने तिचा हात धरला. इतर वेळी आईने तो झटकला असता आणि म्हटलं असतं, ही जोडी-कुस्ती नाही. आता धरू दिला.

इस्पितळाच्या लांबट खोलीत पलंग ओळीने लावलेले होते. मामाचा पलंग खिडकीजवळचा. आधी वादळला तो सापडलाच नाही. तिची नजर एका म्हाताऱ्यावरून पुढे गेली आणि मग मागे आली. मामी उठून उभी राहिली. तिने आईकडे पाहिलं, आईच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते पाहिलं, आणि मुकाट्याने आपलं स्टूल पुढे सरकवलं.

मामाने डोळे उघडले. त्याचा हात चादरीवरून थोडासा उचलला गेला, मूठ वळली, जणू तिच्यात माईक आहे.

“बघा,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “बघा कोण आलंय, डोंगराच्या पायथ्याशी…” आणि तिथेच दम संपला.

आता उत्तर द्यायची पाळी आईची होती. वादळ तिच्या मागे उभी होती. बसमध्ये जुळवलेलं सगळं तिला पाठ झालं होतं, आई अडखळली तर मागून सांगता येईल म्हणून ती तयार होती. आईने तोंड उघडलं. “डोंगरा,” ती म्हणाली. मग मिटलं. मग तिने वाकून त्याची मूठ दोन्ही हातांत घेतली आणि त्याची बोटं एकेक करून उलगडली.

“दुखतंय का रे?”

मामा तिच्याकडे बघत राहिला. मोठी झाल्यापासून ती त्याच्याशी अशी कधी बोलली नव्हती. त्याने मामीकडे पाहिलं, मग वादळकडे, जणू हे चालतं का असं कुणालातरी विचारायचं होतं.

“हो,” तो म्हणाला.

“कुठे?”

त्याने तिचा हात धरून आपल्या बरगड्यांखाली ठेवला. “इथे. आणि मागे पाठीत. रात्री जास्त.”

“कधीपासून?”

“उन्हाळ्यापासून. ट्रकमध्ये चढता येईना तेव्हा तपासलं.”

“आणि मला सांगितलं नाहीस,” आई म्हणाली. “तुझ्या बहिणीला सांगितलं नाहीस.”

“सांगितलं की, ताई,” मामा म्हणाला. त्यात राग नव्हता. “दुसऱ्या कुठल्या भाषेत सांगणार होतो मी तुला?”

आईने मान खाली घातली. तिचे खांदे हलत होते. मामीने वादळला जवळ ओढलं. शेजारच्या पलंगावरच्या माणसाने भिंतीकडे तोंड केलं.

मग मामा आपणहून बोलायला लागला. ट्रक आता दुसऱ्या चालकाला दिलाय आणि तो गिअर फार जोरात टाकतो. तोंडाला चव नाही. दुपारी जेवणं झाली की ही सगळी खोली झोपते, कुणी खोकतसुद्धा नाही, तेव्हा फार भीती वाटते. हे तो आढ्याकडे बघून सांगत होता, शब्द येतील तसे, कधी अर्ध्यावर सोडून. आई मधे एकदाही बोलली नाही. फक्त भीतीचं ऐकल्यावर म्हणाली, “उद्यापासून दुपारी मी आहे.”

वादळ मामीच्या कुशीत उभी राहून ऐकत होती. हा आवाज तिच्या ओळखीचा नव्हता. तिला माहीत होता तो डोंगराचा, घसा खरवडून काढलेला, घुमणारा. हा बारीक होता, थोडा नाकातला, ‘स’ जरासा घसरणारा, रस्त्यावर ऐकला असता तर तिने मान वळवूनही पाहिलं नसतं. मामाचा खरा आवाज असा आहे तर. पंधरा वर्षांत तिने तो आज पहिल्यांदा ऐकला होता, आणि तो आता थोडेच दिवस ऐकू येणार होता. ती एक शब्दही सुटू नये म्हणून पलंगाच्या आणखी जवळ सरकली.