हातचा एक

मी आकड्यांचा त्रिकोण. भिंतीला चिकटवायच्या कागदाची एक गुंडाळी उरली होती, तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवरून बोलतोय. शेंड्यावर एक, त्याखाली दोन एक, आणि पुढे प्रत्येक ओळीच्या दोन्ही कडांना एक. मधला प्रत्येक आकडा म्हणजे डोक्यावरच्या दोघांची बेरीज. वरचे जे देतील ते खालच्यांनी मुकाट्याने घ्यायचं. मला शेवटची ओळ नसते, त्यामुळे निवृत्तीही नाही. दमलोय मी.

मला मांडलं गणिताच्या एका निवृत्त मास्तरांनी. बायको गेल्यापासून ते एकटेच राहत. एकदा गॅस चालू ठेवून फिरायला गेले, तेव्हा त्यांची लेक म्हणाली की आता माझ्याकडे राहायला चला. ती दवाखान्यात नर्स, असली लक्षणं रोज बघणारी. मास्तर महाहट्टी. त्यांनी अट घातली, दर रविवारी माझी एक ओळ मांडायची. बेरीज बरोबर येतेय तोवर स्वतःच्या घराची किल्ली त्यांच्या खिशात, चुकली की लेकीच्या हातात.

मी दोन्ही अंगांनी सारखा, म्हणून त्यांनी काम वाटून घेतलं होतं. डावी बाजू मास्तर बेरजा करून लिहायचे, उजवी लेक त्यावरून उतरवायची. उतरवण्याआधी प्रत्येक बेरीज ती मनात करून बघे. माणसं विश्वास ठेवतात, पण तपासून ठेवतात, हे मी दारामागे टांगल्या टांगल्या शिकलो.

माझ्या ओळीला तिच्या दुसऱ्या आकड्यावरून ओळखतात. तेरापर्यंत सगळं सुरळीत झालं. चौदाच्या ओळीत अठ्ठ्याहत्तर आणि दोनशे शहाऐंशी मिळवताना मास्तर हातचा विसरले. तीनशे चौसष्टच्या जागी तीनशे चोपन्न. लेकीचं पेन थांबलं. मास्तर चष्मा पुसत होते, स्वारी खुशीत होती. तिने माझ्या उजव्या अंगावरही तीनशे चोपन्न लिहिलं आणि म्हणाली, "झालं, बाबा."

पुढचे तीन रविवार ती चूक माझ्या अंगावर पसरत गेली. पंधराच्या ओळीत दोन्हीकडचे दोन-दोन आकडे बिघडले, सोळाच्या तीन-तीन. मला कळत होतं, पण सांगणार कुणाला? त्या खोट्याचा मला फार शीण आला.

सतराची ओळ लिहून झाली. मास्तरांची जुनी खोड अशी, की ओळीचा दुसरा आकडा मूळ संख्या असला की कडेचे एक सोडून बाकी सगळ्यांना तिने भागून बघायचं. भाग नि:शेष जायलाच हवा. एकशे छत्तीसला गेला. सहाशे सत्तरला सात उरले. पुन्हा भागलं, पुन्हा सातच. मग त्यांचं बोट ओळीओळीने वर चढलं आणि चौदाच्या ओळीत थांबलं. आधी डावीकडे, मग उजवीकडे.

"माझा हातचा राहिला," ते म्हणाले. "पण तू तर तपासल्याशिवाय उतरवत नाहीस."

लेक सिंककडे तोंड करून उभी होती. "किल्ली घ्यायची नव्हती मला, बाबा."

मास्तरांनी खिशात हात घातला. मग किल्ली काढून टेबलावर ठेवली. "येतो मी राहायला. पण चुकलो की सांगायचं. नाहीतर मी बरोबर आहे, हे तरी मला कसं कळणार?"

आता मी लेकीच्या घरी असतो. बिघडलेल्या चार ओळींवर तिरकी रेघ आहे आणि त्यांच्याखाली नव्याने मांडणी. बेरजा ती करते, उजवीकडे मास्तर उतरवतात. कागद हातभर उरलाय. तो संपला की मला खुशाल गुंडाळून माळ्यावर टाका, मी तक्रार करणार नाही. फक्त तोवर रविवार चुकवू नका.

गेल्या खेपेला एकोणतीसची ओळ होती. मास्तरांनी चारशे सहाचे चारशे साठ लिहिले. लेक थबकली.

"बाबा, चारशे सहा आहे ते. चुकलंय."

"बरं." त्यांनी स्वतःच खोडून शेजारी नीट लिहिलं. "आणि बाकीचं?"

"बाकीचं बरोबर आहे."

मास्तरांनी पेनाला टोपण लावलं. तपासून बघितलं नाही.