भीमेच्या पलीकडं

चौसाळ्यात हमरस्त्याला लागूनच शंकरप्पांचं किराणा दुकान, आणि दुकानाच्या मागं घर. लग्न होऊन नीलम्मा त्या घरात आली तेव्हा रस्ता अरुंद होता. गाड्या एकमेकींना वाट देत, थांबत जायच्या. पुढं रस्ता रुंद झाला, गाड्यांचा वेग वाढला, तिचे केस पांढरे व्हायला लागले, पण दुपारची ती जागा काही बदलली नाही. जेवणं उरकली, भांडी घासून झाली की दुकानाच्या पायरीवर गोणपाट टाकून ती बसायची आणि जाणाऱ्या गाड्या बघायची. राजस्थानच्या, पंजाबच्या, तमिळ मुलखाच्या. कुणाच्या मागं लिंबू-मिरची, कुणाच्या मागं मोराचं चित्र. एखाद्या ट्रकातून ओल्या लाकडाचा वास यायचा, एखाद्यातून मसाल्याचा. गाडी निघून गेली तरी वास थोडा वेळ मागं रेंगाळायचा. तेवढ्या वेळात नीलम्मा मनानं त्या गाडीत बसून कुठल्या कुठं गेलेली असायची.

शंकरप्पांना यात काही वावगं वाटत नसे. माणूस सरळ, गिऱ्हाइकाशी गोड, घरात कमी बोलणारा. दुकान म्हणजे त्यांचा जीव. ते बंद ठेवून कुठं जावं असं त्यांना कधी वाटलंच नाही. नीलम्मानं कधी विषय काढला तर म्हणायचे, सगळं जग आपल्या दारावरून जातंय, बसल्या जागी बघ की. तीसेक वर्षांच्या संसारात ती कपिलधारच्या यात्रेला गेली होती, माहेरी चकलांब्याला गेली होती, बाळंतपणाला बीडच्या दवाखान्यात गेली होती. पण दक्षिणेकडं, शंकरप्पांच्या दारासमोरून गाड्या जिकडं नाहीशा होतात तिकडं, येडशीच्या पुढं तिनं पाऊल टाकलं नव्हतं.

आणि तिची ओढ नेमकी तिकडंच होती. त्याला कारण तिचं नाव. चकलांब्याच्या शाळेत मुली तिला ‘अम्मा, अम्मा’ म्हणून चिडवायच्या. एकदा ती रडत घरी आली, तेव्हा वडिलांनी तिला ओट्यावर बसवून सांगितलं, की आपले वाडवडील तिकडून आले, तिकडचं नाव हाय हे. आणि हात दक्षिणेकडं केला. गाव कोणतं, कोण कधी आलं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. भाषा तर केव्हाच विसरली होती. त्या दिवसापासून ‘तिकडं’ म्हणजे काय हे नीलम्मा मनात रंगवत राहिली. कधी तिथं निळी घरं असायची, कधी झाडांना घंटा बांधलेल्या असायच्या, कधी बाया पाण्यावरून चालत यायच्या. मोठी झाल्यावर ती चित्रं पुसट झाली. पण गेली नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात एक मोटार दुकानासमोर बंद पडली. गाडीत एक माणूस आणि त्याची म्हातारी आई. मेकॅनिक येईपर्यंत नीलम्मानं म्हातारीला सावलीत बसवलं, माठातलं पाणी दिलं. मुलगा मोडक्यातोडक्या हिंदीत बोलायचा, आईला मात्र कानडीशिवाय काही येत नव्हतं. म्हातारीनं खुणेनं नाव विचारलं. नीलम्मानं सांगितलं. म्हातारीचा चेहरा एकदम उजळला. तिनं नीलम्माचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि भरभरून बोलायला लागली. बोलत राहिली, बोलत राहिली. नीलम्माला एक शब्द कळला नाही. मुलगा हसून म्हणाला, की आई म्हणते, आमच्याकडं घरोघरी नीलम्मा असते, तू इथं एकटीच कशी राहिलीस?

मोटार दुरुस्त होऊन गेली. नीलम्मा पायरीवर बसून राहिली. संध्याकाळचा चहा करायचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही. तो हात अजून हातात असल्यासारखा वाटत होता.

सून वर्षाराणी सोलापूरची, लग्न मात्र चौसाळ्यातच लागलेलं. मुलगा पुण्याला नोकरीला, आणि सून सध्या चौसाळ्यात, दोघी एकमेकींना धरून. मार्गशीर्षात वर्षाराणीच्या भावाचं घर बांधून झालं आणि वास्तुशांतीला सासूलाही आग्रहाचं बोलावणं आलं. शंकरप्पा म्हणाले, तू जाऊन ये, मी दुकान बघतो. नीलम्मा पहिल्यांदा येडशीचा घाट ओलांडून गेली. वास्तुशांती झाली. वर्षाराणी आठ दिवस माहेरी राहणार होती, नीलम्मानं दुसऱ्या दिवशी परतायचं ठरलं होतं. सकाळी सून तिला सोडायला सोलापूरच्या स्टँडवर आली.

बीडकडं जाणारी गाडी लागलेली होती. वर्षाराणी पिशवी घेऊन पुढं झाली, मागं वळून बघते तर सासू भलत्याच गाडीसमोर उभी. त्या गाडीच्या पाटीवरची अक्षरं गोल गोल, एकात एक गुंतलेली, बाईनं दारात निवांतपणे काढलेल्या रांगोळीसारखी.

“आत्या, आपली गाडी तिकडं हाय.”

“दिसली. ही कुठं जाती गं?”

“विजापूरला.”

नीलम्मा जागची हलली नाही. वर्षाराणीनं सासूच्या चेहऱ्याकडं पाहिलं. पायरीवर बसलेल्या सासूला ती रोज बघत होती, पण हा चेहरा तिनं पाहिला नव्हता. पेरूच्या झाडाखाली उभ्या राहिलेल्या लहान मुलीचा असावा तसा तो चेहरा होता.

“जायचं का, आत्या?”

“वेड लागलंय का? घरी वाट बघतेत. आन मला तितली भाषा तरी येती का?”

“त्यांना मी सांगते. भाषेचं तुमी बघा.”

वर्षाराणीनं तिथंच सासऱ्यांना फोन लावला. नीलम्मा पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. सुनेनं सगळं सांगितलं, आज विजापूर बघून संध्याकाळपर्यंत परत सोलापूरला येतील म्हणाली. पलीकडून शंकरप्पा एवढंच म्हणाले, “बरं. जेवली का ती?”

खिडकीशी जागा मिळाली. गाडी गावाबाहेर पडली आणि नीलम्माच्या मनात आलं, आपण हे काय केलं? शेजारी बसलेल्या बाईकडं बघायचंही धाडस होईना. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, कणसं धरलेली, थंडीच्या कोवळ्या उन्हात डुलणारी. टाकळीजवळ भीमा लागली. पुलावर गाडीचा आवाज बदलला, पोकळ झाला. खाली रुंद पात्र, मधेमधे थबकलेलं पाणी, त्यात आभाळ उतरलेलं. नीलम्मानं श्वास रोखून धरला. पूल संपला, पलीकडचा मुलूख सुरू झाला, आणि तिथंही ज्वारीच होती. तीच काळी माती, त्याच बाभळी, तशाच शेळ्या. निळं घर एकही नव्हतं. फक्त दुकानांवरची, शाळांवरची, मैलाच्या दगडांवरची अक्षरं सगळी गोल झाली होती.

क्षणभर ती हिरमुसली. मग हळूहळू तिला गंमत वाटायला लागली. आपलंच शेत कुणी स्वप्नात दाखवावं, सगळं ओळखीचं असावं आणि तरी काहीच वाचता येऊ नये, तसं ते होतं.

विजापूरच्या स्टँडवर उतरली. गर्दी, हॉर्न, ऊन. कुठं जावं ते कळेना म्हणून भिंतीच्या कडेला उभी राहिली. तेवढ्यात मागून कुणीतरी खणखणीत आवाजात हाक मारली, “नीलम्मा!”

ती दचकून वळली. हाक मारणारा माणूस तिच्याकडं बघतही नव्हता. भिंतीशी बसलेली एक फुलवाली “आँ?” म्हणत उठली, त्याच्याकडून फुलांची पाटी घेतली आणि परत बसली. नीलम्मा तिच्याकडं बघतच राहिली. आपल्याहून थोडी मोठी असेल. कपाळावर विभूती, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या. नीलम्मा पुढं गेली, स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, “नीलम्मा.”

फुलवालीनं आधी मान हलवली. तिला वाटलं, ही आपल्यालाच विचारतेय. मग नीलम्मानं पुन्हा स्वतःकडं बोट केलं, आणि तिला उमगलं. ती इतकी हसली की शेजारच्या केळीवाल्यानं वळून बघितलं.

“बा नीलम्मा, बा,” म्हणत तिनं गोणपाटावर जागा करून दिली. “ऊटा आता?” असं विचारलं आणि बोटं तोंडाकडं नेली. नीलम्माला कळलं, जेवलीस का विचारतेय. नाही म्हणून तिनं मान हलवली. फुलवालीनं फडकं सोडलं. कागदासारखी पातळ, कडक भाकरी, वर शेंगदाण्याची चटणी. नीलम्मानं पिशवीतल्या धपाट्यांपैकी दोन तिच्या हातावर ठेवले. दोघी खात बसल्या. एक मराठीत बोलत होती, दुसरी कानडीत. मुलाचं पुण्याला असणं, गुडघेदुखी, सुनेचा गुण, अशा गोष्टी नीलम्मानं सांगितल्या. फुलवालीनंही काहीबाही सांगितलं. कळलं किती हे कुणी विचारलं नाही. उठताना फुलवालीनं गजऱ्याचा एक तुकडा तिच्या अंबाड्यात खोवला, एका रिक्षावाल्याला हाक मारली आणि हातानं आभाळात मोठा गोल काढून दाखवला.

तो गोल म्हणजे गोलघुमट. जवळ गेल्यावर नीलम्माला तो मावेना डोळ्यांत. कोपऱ्यातल्या मनोऱ्यातल्या अरुंद पायऱ्या चढताना गुडघे बोलायला लागले. थांबत, भिंतीला हात टेकत ती वर पोचली. आतला सज्जा गोल, मधे खोल पोकळी, वर दगडाचं आभाळ. पलीकडच्या बाजूला कॉलेजच्या पोरी भिंतीला तोंड लावून काहीतरी पुटपुटत होत्या, आणि ते बोलणं थेट नीलम्माच्या कानाशी येत होतं, कुणी खांद्यावर हनुवटी ठेवून बोलावं तसं. तिनंही भिंतीला गाल लावला. दगड गार होता. काय बोलावं ते सुचेना. मग हळूच म्हणाली, “मी आले.”

आले, आले, आले, करत ते बोलणं घुमटभर फिरलं. पलीकडच्या पोरी गप्प झाल्या, त्यांनी मान वळवून तिला शोधलं, आणि एकीनं हात हलवून भिंतीशी कानडीत काही म्हटलं. ते उत्तर दगडातून सरपटत आलं आणि नीलम्माच्या कानात शिरलं. अर्थ कळला नाही. अंगावर काटा आला. ती कठड्याला टेकून बसून राहिली, आणि खाली माणसं मुंग्यांएवढी होऊन फिरत होती.

दुसऱ्या दिवशी ती चौसाळ्याला परत आली. संध्याकाळी गिऱ्हाइकं कमी झाल्यावर शंकरप्पा आपण होऊन पायरीवर येऊन बसले. असं ते कधी बसत नसत.

“हितून रोज जातेत की त्या गाड्या,” ते म्हणाले. “मग तितं जाऊन येगळं काय दिसलं?”

नीलम्मानं गोणपाटाचं टोक त्यांच्याकडं सरकवलं.

“हितून जाताना समद्यांना घाई असती, बघा. आपण माणूस बघतच न्हाई, घाईच बघतो. तितं माणसं आपल्या घरी होती. घाई न्हवती कुणाला. संध्याकाळची गाडी गाठायची घाई होती ती मलाच.”

एक टँकर गेला, एक बस गेली. मग शंकरप्पांनी विचारलं, की विजापूरच्या पुढं हा रस्ता कुठं जातो. तिनं रिक्षावाल्याला विचारून घेतलं होतं. लई लांब जातो म्हणं, जंगलातून, घाट उतरून अंकोला म्हणून गाव हाय, तितं समुद्र.

पौषात लग्नं नसतात, विक्री मंदावते. वर्षाराणी म्हणाली, मी बघते दुकान, आणि तिनं सासऱ्यांच्या हातून किल्ल्या काढूनच घेतल्या. सकाळी नवरा-बायको दोघं समुद्र बघायला म्हणून सोलापूरच्या गाडीत बसली. खिडकीची जागा नीलम्मानं त्यांना दिली. गाडी स्टँडवरून निघाली, वळली, आणि दुकानासमोरून जायला लागली. पाटी, तेलाचे डबे, वजनकाटा, दारात केर काढणारी वर्षाराणी. शंकरप्पा काचेला कपाळ लावून बघत होते. बघता बघता सगळं मागं गेलं.

“एवढंच दिसतं व्हय आपलं दुकान?” ते म्हणाले.

नीलम्मा हसली. ते मान वळवून अजून मागंच बघत होते. मग वळण आलं, आणि शंकरप्पा नीट पुढं तोंड करून बसले.