यादीतला 'मी'

राउटर सहा वर्षांचा होता आणि वय त्याच्या अंगावर दिसत होतं. पांढऱ्याचा पिवळा पडलेला, एक अँटेना केव्हाच लुळी झालेली, ती चिकटपट्टीने कशीबशी सरळ उभी केलेली. बाहेरच्या खोलीतल्या कपाटावर नवऱ्याने तो जिथे बसवला होता तिथेच अजून होता. सासरे त्याला 'डबा' म्हणत. नवरा जाऊन चौदा महिने झाले होते आणि घरात आता ती आणि सासरे, दोघंच उरले होते. सासरे पाणीपुरवठा खात्यात घरोघरचे मीटर वाचून निवृत्त झालेले. तिचं काम घरूनच चाले. दूरच्या एका इस्पितळातल्या डॉक्टरांची तोंडी टिपणं कानाला लावून ऐकायची, टाइप करायची आणि संध्याकाळी सहाच्या आत पाठवून द्यायची. घर त्याच कामावर उभं होतं.

उन्हाळा लागला तसा डबा अडकायला लागला. तिन्ही हिरवे दिवे शहाण्यासारखे लागलेले असायचे, पण अक्षर आत येत नसे की बाहेर जात नसे. मग उठायचं, प्लग काढायचा, दहापर्यंत मोजायचं, परत लावायचा, आणि दोन-चार मिनिटं त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं. एका आठवड्यात तीनदा टिपणं सहानंतर पोचली तेव्हा वरिष्ठ बाईंचा फोन आला.

"तुझ्यावर काय गुदरलंय ते मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या, "पण पेशंटला थांबता येत नाही गं."

तिने कंबर कसली. डबा खाली काढून त्याच्या फटींतली धूळ झाडली, वायर बदलली, नवा अडॅप्टर आणला, नेटवर शोधून कुठलंसं चॅनल बदलून पाहिलं, आणि गरम होत असेल म्हणून टेबलफॅन त्याच्यासमोर लावला.

"डब्याचे लाड चाललेत," सासरे पेपराआडून म्हणाले. "माणसं घामाने निथळताहेत."

कितीतरी दिवसांनी तिला हसू आलं. डबा मात्र दाद देईना.

शेवटी तिने अडकण्याच्या वेळा कॅलेंडरवर लिहायला सुरुवात केली. पाच बेचाळीस. पावणेसहा. पाच एकोणपन्नास. शनिवारी दुपारी सव्वादोन. रविवारी एकदाही नाही. आणि पुलावर ट्रक आडवा होऊन गावभरची वाहतूक खोळंबली त्या मंगळवारी, सहा पंचवीस. पेन्सिल हातात धरून ती त्या आकड्यांकडे बराच वेळ बघत राहिली. नवरा कामावरून याच सुमारास घरी येई; शनिवारी त्याला अर्धाच दिवस असे, रविवारी सुट्टी. तिने कॅलेंडर भिंतीकडे तोंड करून टांगलं आणि नेटवाल्याला बोलावलं.

नेटवाला पन्नाशीचा, कपाळावर चष्मा चढवलेला, सावकाश बोलणारा माणूस होता. लॅपटॉप जोडून त्याने डब्याच्या पोटातली नोंद वाचून काढली.

"त्या वेळेला रोज एक फोन येऊन जोडला जातो, ताई, आणि हा म्हातारा राउटर तिथेच गपगार होतो. घरात फोन किती?"

"दोन. माझा आणि बाबांचा."

"इथे तिसरा आहे. नाव नुसतं 'मी'." त्याने चष्मा खाली घेतला. "हा 'मी' कोण?"

फोनला ते नाव नवऱ्यानेच दिलं होतं. कोणी विचारलं की "मीच की!" म्हणायचा आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसायचा. तो फोन आत, कपड्यांच्या कपाटात होता. तिने जाऊन पाहिलं. पोलिसांनी दिलेल्या पिशवीत तसाच होता, काचेचा भुगा झालेला, मधोमध वाकलेला. गार.

"शेजारपाजारच्या कोणाला तुमचा पासवर्ड मिळाला असेल," नेटवाला म्हणाला. "इथे ब्लॉक केलं की झालं. करू?"

"राहू दे. मी करते."

तो गेल्यावर ती लॅपटॉपसमोर बसली. त्या शेवटच्या दिवशी त्यांचं भांडण झालं होतं. कशावरून ते तिला आता आठवतही नव्हतं. संध्याकाळी त्याने फोन केला, "निघालो गं," म्हणाला, आणि ती म्हणाली होती, "नाही आलास तरी चालेल." घर चार वळणांवर राहिलं असताना त्याला अपघात झाला. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं, सासऱ्यांनाही नाही. समोर 'मी' हे अक्षर होतं, त्याच्यापुढे एक चौकोन होता, आणि दुसऱ्या दिवशीची टिपणं सहाच्या आत जायला हवी होती. तिने बटण दाबलं.

त्या दिवसापासून डबा अडकला नाही. टिपणं साडेपाचलाच पोचू लागली, वरिष्ठ बाईंनी शाबासकीही दिली. सासरे मात्र ताटात अर्धं टाकून उठू लागले. पेपर उघडा असे, पण पान उलटत नसे. पावणेसहा झाले की ते खुर्ची दाराकडे वळवून बसत. अकराव्या दिवशी त्यांनी तिला हाक मारली.

"अगं, तो हल्ली येत नाही."

"कोण, बाबा?"

"डबा अडकला की मला कळायचं, आला. तू उठून प्लग काढेपर्यंत बसायचा इथे." मीटरवरचा आकडा सांगावा तसं ते सांगत होते. "तुझ्या कामाचा खोळंबा होतो, म्हणून मी बोललो नाही. तू काही केलंस का?"

तिला खोटं बोलवेना. "मी बंद केलं, बाबा."

"बरं," ते म्हणाले आणि दाराकडेच बघत राहिले.

तिने त्याच क्षणी ब्लॉक काढला. दुसऱ्या दिवशी टिपणं तयार असूनही न पाठवता ती सासऱ्यांशेजारी बसून राहिली. पावणेसहा झाले, सहा झाले. दिवे लुकलुकत राहिले, निरोप येत राहिले. शनिवारी दुपारी दोघं त्याच्यासाठी जेवायची थांबली. पंखा काढला, डबा पुन्हा कपाटावर त्याच्या जागी ठेवला. इतका निरोगी तो कधीच नव्हता.

पुढच्या बुधवारी खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या.

"तुमचं ते वायफाय दुरुस्त झालं ना? आमचं नवंकोरं, पण दोनेक आठवडे झाले, संध्याकाळी हटकून बंद पडतं. रविवारी तेवढं बरं चालतं."

"पासवर्ड बदलून बघा ना, काकू," ती कशीबशी म्हणाली.

"पासवर्ड कुठला? ह्यांच्या लक्षात राहत नाही, म्हणून ठेवलाच नाही. आमचं सगळ्यांना मोकळं."

ती वर आली आणि सासऱ्यांना सांगितलं. त्यांनी धुतलेला शर्ट घातला, केस विंचरले आणि साडेपाचला कठड्याला धरून जिना उतरले. खाली घंटी वाजली, काकूंचं "या, बसा" ऐकू आलं, मग दार लागलं. ती दाराच्या चौकटीत उभी राहिली. साडेसहाला ते परत आले. बराच वेळ वाकून चप्पल काढत राहिले, आणि तिच्याकडे न बघताच म्हणाले,

"चल म्हटलं घरी. तर म्हणाला, आधी तिला विचारून या."